पिकअपला पिकअप नाही: १९७२ ची शेवी सी-१०, इंजिन बदलू का?

अकोला_ते_ॲनआर्बर · ९ नोव्हेंबर

मंडळी, शीर्षकातला विनोद बायकोचा आहे, श्रेय तिला.

मागच्या उन्हाळ्यात ॲरिझोनातून १९७२ ची शेव्हरोलेट सी-१० उचलून आणली. आठ फुटी हौद्याची, लांब चेसिसवाली. इथे मिशिगनमधली याच वयाची गाडी घेतली असती, तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने दाराखालचे पत्रे कधीच खाऊन टाकले असते, म्हणून वाळवंटातली. रंग उडालाय, डॅशबोर्डला भेगा आहेत, पण पत्रा टणक. बॉनेटखाली २५० घनइंची, म्हणजे ४.१ लिटरचं सरळ सहा सिलिंडर. गिअर तीन, दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, आपल्या जुन्या ॲम्बॅसिडरला हात मारायचो तसा.

गावात फिरायला झकास गाडी आहे. हायवेला लागलो की रडगाणं सुरू. साठ मैलांच्या वर इंजिन असं काही ओरडतं की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही, आणि चढावर मागचा अठराचाकी आरशात मोठा मोठा होत जातो.

पर्याय तीन दिसतात. आहे तेच सहा सिलिंडर जरा तयार करायचं, किंवा जुन्या पद्धतीचं ३५० घनइंची व्ही-८ टाकायचं, किंवा सगळे हल्ली टाकतात तसं एलएस, म्हणजे जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं व्ही-८. बजेट आठ हजार डॉलर, त्यावर गेलो तर घरात प्रश्न विचारले जातील. वापर शनिवार-रविवारचा, लाकूड-माती आणायला, आणि वर्षातून एकदा मंडळाच्या गणपतीची मिरवणूक. कोणतं इंजिन घेऊ?

शुद्ध_मूळचा · ९ नोव्हेंबर

कोणतंच नको. पन्नास वर्षं मूळ इंजिनासकट टिकलेली गाडी आहे, तिला कशाला हात लावता? जोरात जायचं असेल तर घरी दुसरी गाडी असेलच की.

लेथवाला_इचलकरंजी · १० नोव्हेंबर

इंजिनाचं नंतर बघू. मागच्या हौसिंगमधला क्राऊन-पिनियनचा रेशो किती, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो, आणि टायर किती इंचाचा, ते आधी सांग. माहीत नसेल तर असं कर. मागचं एक चाक जमिनीवर राहू दे, दुसरं जॅकवर उचल. पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावायला विसरू नकोस. गिअर न्यूट्रल. उचललेल्या चाकावर आणि जॉइंट शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या धुऱ्याकडे जातो तो) खडूने एकेक रेघ मार. चाक हाताने पुरते दोन फेरे फिरव आणि खाली शाफ्ट किती फिरला ते कुणाला तरी मोजायला लाव. साधा डिफरेन्शिअल असला तर तोच आकडा तुझा रेशो.

अकोला_ते_ॲनआर्बर · १२ नोव्हेंबर

काका, केलं. मुलगा खाली झोपून मोजत होता. पावणेचारला जरासा कमी, म्हणजे ३.७३ धरतो. टायर २८ इंची.

लेथवाला_इचलकरंजी · १२ नोव्हेंबर

मग तुझं रडगाणं कळलं. तिसरा गिअर म्हणजे सरळ जोड, इंजिनाचा एक फेरा तोच शाफ्टचा एक फेरा. ताशी ७० मैलांना हिशेब केला तर इंजिन ३,१०० च्या वर फिरतंय. जुनं सहा सिलिंडर आहे ते, दीड-दोन हजारावर ओढायला बनवलेलं. ताकद कमी आहे हे खरंच, पण ओरडण्याचं कारण वरचा गिअर नाही हे आहे. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिन ०.७० फेराच फिरेल असा वरचा गिअर, असलेला गिअरबॉक्स आला की त्याच वेगाला २,२०० च्या आत येशील.

आता कुणी म्हणेल, मग क्राऊन-पिनियनच ३.०७ चा टाक. वरचा वेग शांत होईल, पण सिग्नलवरून उठताना बैल चिखलात रुतल्यासारखी गाडी उठेल. म्हणून गिअरबॉक्स आधी ठरव. इंजिन त्याला साजेसं.

ह्यूस्टनचा_हेमंत · १३ नोव्हेंबर

काकांना +१. माझ्याकडे ७१ ची आहे, चार वर्षांपूर्वी ५.३ लिटरचं एलएस टाकलं, त्यामुळे अनुभवाचे बोल.

आधी एक गोंधळ काढून टाकतो. १९७१ मध्ये याच २५० ला १४५ अश्वशक्ती लिहायचे. ७२ ला तेच इंजिन ११० वर आलं. बिचारं अशक्त झालं नव्हतं, मोजायची रीत बदलली. आधी पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे उतरवून उघड्या इंजिनाचा आकडा छापायचे, नंतर सगळं लावून मोजायला लागले. त्यामुळे जुन्या जाहिरातीतला आकडा आणि नव्या इंजिनाचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका.

सहा सिलिंडरवर पैसे टाकलेस तर फार तर वीस-तीस घोडे वाढतील, ओव्हरड्राइव्हचा खर्च वेगळाच. ३५० हा सरळमार्गी पर्याय. पार्ट कुठेही मिळतात, कार्ब्युरेटर, चार वायरी, झालं. त्याला ७००-आर-४ गिअरबॉक्स लावलास तर त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल काट्याने लाव. ती चुकीची लागली की आत तेलाचा दाब कमी पडतो आणि क्लच प्लेटा जळतात.

मी तुझ्या जागी असतो तर २००२ च्या आसपासच्या सिल्व्हराडोचं ५.३, म्हणजे एलएम-७, आणि त्यालाच जोडलेला ४एल६०ई घेतला असता. लोखंडी ब्लॉक, २८५ अश्वशक्ती, ३२५ फूट-पाउंड टॉर्क. तुझ्या सहाचा टॉर्क १८५ आहे. त्या गिअरबॉक्सचा पहिला ३.०६, चौथा ०.७०, म्हणजे उठायलाही जोर आणि वरही शांतता, क्राऊन-पिनियन आहे तोच ठेवून. जंकयार्डमध्ये घेताना इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, कॉम्प्युटर आणि गॅस पेडल एकाच गाडीचं घे. २००३ पासून ट्रकना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आला, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना केबल आहे. जुन्या पेडलला केबल बरी.

तुझा तीन गिअरचा डबा मात्र शोभेलाही ठेवू नकोस, ३२५ चा टॉर्क त्याच्या दातांना झेपणार नाही.

मृणाल_नगर · १३ नोव्हेंबर

इंजिनावर सगळे तुटून पडलेत, म्हणून मी मागच्या बाकावरून बोलते. वडिलांचं नगरला जीपचं गॅरेज होतं. ऐंशीच्या दशकात लोक पेट्रोलच्या जुन्या जीपगाड्या घेऊन यायचे, यात डिझेल इंजिन बसवून द्या म्हणून. पेट्रोल परवडत नव्हतं. चेन कप्पीला इंजिन लटकवून दोन दिवसांत फाउंडेशन बसायचं, गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि महिन्याभरात परत यायचं. कधी क्लच गेला, कधी गिअरबॉक्स खडखडायला लागला, कधी पुढच्या स्प्रिंगच्या पाट्या बसल्या कारण डिझेल इंजिन जड. मग वडील नियमच करून बसले. आधी ब्रेक दाखवा, मग पाट्या, मग शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस, मग रेडिएटर. हे सगळं पास झालं तर इंजिनाचं बोलू. निम्मे गिऱ्हाईक तिथूनच परत जायचे आणि दुसऱ्या गॅरेजात जाऊन काम करून घ्यायचे.

दोन प्रश्न. ब्रेकची काय स्थिती? आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे? माझ्या माहितीत या शेव्यांची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असते.

अकोला_ते_ॲनआर्बर · १४ नोव्हेंबर

ताई, बरोबर ओळखलंत. टाकी पाठीला टेकलेलीच आहे, वळणावर आतलं पेट्रोल डुचमळलेलं ऐकू येतं. आजवर मजा वाटत होती, आता वाटणार नाही. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. मास्टर सिलिंडर पाझरतोय, हे आज तुमच्यामुळे वाकून पाहिलं तेव्हा दिसलं.

ह्यूस्टनचा_हेमंत · १४ नोव्हेंबर

टाकीचा मुद्दा लाखमोलाचा. जुना मेकॅनिकल पंप पाच-सहा पीएसआयने पेट्रोल ढकलतो. ५.३ च्या इंजेक्टरना ५८ लागतात. तीच जुनी टाकी, तीच रबरी नळी आणि तेच क्लिप ठेवून ५८ चा दाब चढवणारे महाभाग मी पाहिलेत. पाठीमागे पेट्रोलचा फवारा घेऊन कुणी फिरतं का! टाकी हौद्याखाली, चेसिसच्या दोन पट्ट्यांच्या मधे ने, पंप टाकीच्या आत बुडालेला, नळी इंजेक्शनच्या दर्जाची. दाबासाठी कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर मिळतो, त्यातच ५८ चा रेग्युलेटर असतो. स्वस्त आणि मस्त.

नवखा_चालक · १५ नोव्हेंबर

छान माहिती. माझ्याकडे सातारला काकांची जुनी जीप आहे. असंच एखादं मोठं इंजिन टाकलं तर चालेल का?

मृणाल_नगर · १५ नोव्हेंबर

भारतात हौसेला कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. नोंदणीत लिहिलेल्या, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन बदलायचं असेल तर परवानगीची वाट आहे. मोठं इंजिन टाकून नंतर आरटीओत हात जोडायचे, हा मार्ग धरू नका. अपघात झाला तर विमावाले पहिलं इंजिन नंबर बघतात.

शुद्ध_मूळचा · १५ नोव्हेंबर

अमेरिकेत कायदा नाही म्हणून गाडीची विटंबना चालते.

ह्यूस्टनचा_हेमंत · १५ नोव्हेंबर

कायदा आहे हो, राज्याराज्यात वेगळा. कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यातही १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. म्हणून तर ६७ ते ७२ च्या या ट्रकांवर सगळ्यांचा डोळा.

अकोला_ते_ॲनआर्बर · २१ जानेवारी

धागा वर काढतोय. ५.३ आणि ४एल६०ई घेतला. २००२ च्या ठोकलेल्या सिल्व्हराडोतून, वायरिंग-कॉम्प्युटरसकट १,८०० डॉलर. मृणालताईंच्या नियमाप्रमाणे आधी मास्टर सिलिंडर, ब्रेकच्या नळ्या आणि मागचे लायनर केले. टाकी हौद्याखाली गेली. इंजिन अजून जमिनीवरच आहे आणि तीन हजार उडालेत. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

अकोला_ते_ॲनआर्बर · १६ फेब्रुवारी

सहा सिलिंडर बाहेर! गॅरेजात उणे नऊ तापमान, पाना हाताला चिकटतोय. सहाचे चेसिसवरचे स्टँड व्ही-८ ला चालत नाहीत, व्ही-८ चे वेगळे आणले, वर एलएसच्या जोडपट्ट्या. गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर मागे सरकवला. इंजिन आत सोडताना मागचं टोक फायरवॉलला टेकतंय की काय म्हणून मी ओरडत होतो आणि मुलगा होइस्टचा दांडा हलवायचा थांबतच नव्हता. बोटभर अंतर राहिलं.

कुतूहलकर · १६ फेब्रुवारी

काही कळत नाही तरी सगळं वाचतेय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

अकोला_ते_ॲनआर्बर · २३ मार्च

मदत हवी आहे! वायरिंग झालं. म्हणजे हत्ती गेला असं वाटलं होतं. किल्ली फिरवली, इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. इतकं गोड चाललं की मी बायकोला हाक मारली. ती दारात येईपर्यंत बंद. परत मारलं, परत दोन सेकंद चालून बंद. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. दाब ५८ दाखवतोय. ठिणगी आहे. पंप बदलू का?

ह्यूस्टनचा_हेमंत · २३ मार्च

पंपाला हात लावू नकोस! दोन सेकंद चालून बंद हे चोरी-रोधकाचं लक्षण. त्या कॉम्प्युटरला अजून वाटतंय की तो सिल्व्हराडोत आहे. तिथल्या किल्लीचा सिग्नल मिळत नाही, म्हणून तुला चोर समजून इंजेक्टर बंद करतोय. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्येच ते बंद करून घ्यावं लागतं. त्याच वेळी मागचे ऑक्सिजन सेन्सर काढले असशील तर तेही बंद करून घे, आणि टायर-रेशोचे आकडे घाल, नाहीतर गिअर चुकीच्या वेगाला पडतील.

अकोला_ते_ॲनआर्बर · ३० मार्च

चालू! सलग चाळीस मिनिटं! स्वतःच्याच गाडीत चोर ठरलो होतो. हेमंतराव, डेट्रॉइटला आलात तर जेवण माझ्याकडे.

शुद्ध_मूळचा · ३१ मार्च

आवाजाचा व्हिडिओ टाका. (तत्त्व सोडलेलं नाही.)

अकोला_ते_ॲनआर्बर · १८ मे

नवीन दुखणं. जॉइंट शाफ्टचा पुढचा तुकडा कापून छोटा करून घेतला. ५५ मैलांपर्यंत लोणी. त्यावर सीटखालून थरथर सुरू होते, ६५ ला आरसा दिसेनासा होतो. चाकं दोनदा बॅलन्स केली. शाफ्ट बॅलन्स केलेला आहे. इंजिन न्यूट्रलला कितीही फिरवा, काही नाही. गाडी ६५ ला नेऊन न्यूट्रल केली तरी थरथर तशीच.

लेथवाला_इचलकरंजी · १८ मे

न्यूट्रलला पण राहतेय म्हणजे इंजिन सुटलं, दुखणं शाफ्टपासून मागे. तुझा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे ना, मधे बेअरिंगवाला? मागचा तुकडा जिथे दात्यांवर सरकतो, तिथे खोलण्याआधी पंचाने खूण केली होतीस का?

अकोला_ते_ॲनआर्बर · १८ मे

...नाही.

लेथवाला_इचलकरंजी · १९ मे

मग आता खाली झोप आणि बघ. क्रॉसला एक गुण आहे. तो कोनात फिरला की आत येणारा वेग सारखा असला तरी बाहेर जाणारा सारखा राहत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे राहतो. पुढच्या क्रॉसने केलेली ही गडबड मागचा क्रॉस उलटी करून मिटवतो, पण कधी? एकाच तुकड्याच्या दोन टोकांचे कान (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असतील तेव्हाच. एक दाता इकडेतिकडे बसला तरी मिटायच्या ऐवजी वाढते. आमच्याकडे ऊस ओढणारे ट्रॅक्टर यायचे, पीटीओचा, म्हणजे मागची अवजारं फिरवणारा, शाफ्ट असाच चुकीचा जोडलेला. पट्ठ्या सांगायचा बेअरिंग खराब आहे. तीन बेअरिंगं बदललेली असायची.

कान जुळले तरी थोडी राहिली तर कोन माप. गिअरबॉक्सचं शेपूट जितकं खाली झुकलंय तितकंच पिनियनचं नाक वर हवं.

अकोला_ते_ॲनआर्बर · २५ मे

काका, साष्टांग. दोन दाते चुकले होते. टॉर्च लावून पाहिल्यावर इतकं ढळढळीत दिसत होतं की लाज वाटली. सरळ जोडलं, नव्वद टक्के गेलं. मग कोन मापले, गिअरबॉक्स ३ अंश खाली, पिनियन फक्त १ वर. मागच्या धुऱ्याखाली २ अंशाची पाचर घातली. आता ७० ला कपातला चहा हलत नाही. काटा मात्र शून्यावर झोपलाय, कारण जुना स्पीडोमीटर केबलचा आणि नव्या गिअरबॉक्सला केबलच नाही. तूर्त मोबाइलवर वेग बघतो.

मृणाल_नगर · २६ मे

पाचर घालणे हा वाक्प्रचार पहिल्यांदाच चांगल्या अर्थाने वापरलेला पाहिला.

अकोला_ते_ॲनआर्बर · १५ सप्टेंबर

मिरवणुकीचा वृत्तांत. गणपती हौद्यात, झेंडूच्या माळा, पुढे ढोल-ताशा, आमचा वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. वर कडक ऊन. उन्हाळाभर हायवेला जिचा काटा कधी हलला नाही, ती गाडी पंचवीस मिनिटांत तापायला लागली. २१० फॅरेनहाइट, २२०, २३०. पंखा जोरात चालू, रेडिएटर नवा. हीटर पूर्ण उघडला, मला केबिनमध्ये वाफवून काढलं, पण काटा २२० वर आला. ढोलवाले समजले मी भक्तीने घामाघूम झालोय. शेवटचा टप्पा गाडी बंद करून पोरांनी ढकलत नेली, ‘मोरया’च्या तालावर.

घरी येऊन पाहिलं. सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाकडून वाफ बाहेर नेणारी बारीक नळी असते. माझ्या रेडिएटरला तिच्यासाठी तोटी नव्हती, म्हणून फेब्रुवारीत रबरी टोपण मारून ‘नंतर बघू’ म्हटलं होतं.

ह्यूस्टनचा_हेमंत · १५ सप्टेंबर

अरे देवा. ते टोपण! या इंजिनाचा थर्मोस्टॅट पंपात पाणी येतं त्या बाजूला, खाली असतो. वर हेडमध्ये साठलेली हवा तिथून बाहेर पडत नाही, तिला ती नळी हाच रस्ता. हायवेला पाणी जोरात फिरतं म्हणून निभावलं असणार. नळी रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा पंपाच्या वरच्या अंगाला जोड. पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर उचलून भर, बुडबुडे थांबेपर्यंत. हेड गॅस्केट तपासून घे.

अकोला_ते_ॲनआर्बर · २२ सप्टेंबर

नळी जोडली. गॅस्केट वाचलं. काल दारात पाऊण तास आयडलवर ठेवली, काटा १९५ ते २०५. एकूण खर्च ९,४०० डॉलर. घरात आकडा ७,९०० सांगितलाय, इथे कुणी बोलू नका.

सौ_अकोला · २२ सप्टेंबर

खाते आजच उघडले. नमस्कार मंडळी.

मृणाल_नगर · २२ सप्टेंबर

😂😂 या, बसा.

शुद्ध_मूळचा · २३ सप्टेंबर

सगळं झालं. आता खरं सांगा, मूळ सहा सिलिंडर भंगारात गेलं का?

अकोला_ते_ॲनआर्बर · २३ सप्टेंबर

नाही हो. प्लगच्या भोकांतून सहाही सिलिंडरमध्ये तेल सोडलंय, महिन्यातून एकदा पाना लावून अर्धा फेरा फिरवतो. तीन गिअरचा डबा शेजारी, दांड्यासकट. गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यावर, सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवलंय.

सौ_अकोला · २३ सप्टेंबर

ती चादर गेले सात महिने शोधतेय मी.